सूर्यचूल आणि दशमीचा कावळा

नवीन पनवेल,
१५ सप्टेंबर १९९१

ती. वेणूताईंस,
नीताचा नमस्कार.

दीड दिवसाचा गणपती शुक्रवारी पोचवला. मोदक बरे झाले होते, पण घरात कौतुक करायला कोणी नव्हतं, कारण तुमच्या भावाचं आणि माझं गेला आठवडाभर मोजकंच बोलणं चालू आहे. 'पाणी तापलं', 'सईला शाळेत सोडा', 'आमटीत मीठ कमी आहे', एवढंच. मनातलं कुठेतरी ओतायला हवं. माहेरी लिहिलं तर आई पहिल्या एस.टी.ने येऊन बसेल, म्हणून तुम्हाला लिहिते. नणंदेकडे तिच्याच भावाची तक्रार करणारी मी पहिलीच भावजय असेन.

नानांची सूर्यचूल मी अजून ठेवली आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी सरकारी सवलतीत त्यांनी ती आणली, तेव्हा जिन्यात भेटेल तो 'कुठे गावाला निघालात का' असं विचारत होता, इतकी ती सुटकेससारखी दिसते. आरशाचं झाकण उघडायचं, खाली काचेचं दार, त्याखाली काळे डबे. सकाळी नऊला डाळ-तांदूळ लावायचे आणि दर अर्ध्या तासाने चूल उन्हाकडे वळवायची. मामंजी जन्मभर शाळेत शास्त्र शिकवत होते, त्यामुळे गच्चीवर गेलं की ते मास्तर आणि मी विद्यार्थिनी. 'नीता, सूर्याकडे नंबर लावावा लागत नाही,' असं ते मुद्दाम जिन्यात थांबून मोठ्यांदा म्हणायचे. सिलिंडरच्या एजन्सीत नंबर लावून घेणारा मुलगा घरातच होता ना.

आता मूळ गोष्ट. पंचायत समितीच्या योजनेतल्या एक बाई आठवड्यापूर्वी आल्या होत्या. नाना असताना त्या त्यांच्याकडे यायच्या. गावोगावी सूर्यचुलीचं प्रात्यक्षिक दाखवायला त्यांना एक बाई हवी आहे. आठवड्यातून तीन दिवस, गव्हाण, उलवे आणि पुढची गावं, नेणार-आणणार त्यांची जीप. रॉकेलच्या रांगेत बायकांचा अर्धा दिवस जातो, नाहीतर खाडीकाठी सरपणाला तिवरं तोडत फिरावं लागतं, म्हणून ही योजना. ताई, मी बी.एस्सी. होऊन बारा वर्षं झाली आणि त्या पदवीचा उपयोग आजवर फक्त लग्नपत्रिकेत झाला आहे. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि यांनी आतून बाहेर येत सांगून टाकलं, 'तिला नाही जमणार.'

मला जमेल की नाही हे मला विचारलंच नाही. एजन्सीवाल्याची बायको बिनगॅसचा स्वयंपाक शिकवत फिरली तर लोक काय म्हणतील, एवढाच प्रश्न. बाई भल्या आहेत. दहा ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवा म्हणाल्या.

तुमचं ते ऐकतात. दोन ओळी लिहाल का? दशमीला, म्हणजे तीन तारखेला, नानांचा पहिला पक्ष आहे. तुम्ही आलात तर फार बरं होईल.

तुमची,
नीता


कराड,
२१ सप्टेंबर १९९१

चि. सौ. नीतास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यामुळे तुझं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. म्हणजे मजकूर दाजींना आणि शेजारच्या दोन घरांना कळला आहे. दाजी म्हणतात, तिने जावं. शेजारची म्हणते, जावं पण डोक्याला काहीतरी बांधावं, ऊन वाईट असतं. मी म्हणते, अविला आधी दोन चिमटे घ्यावेत. त्याला वेगळं पत्र टाकलं आहे आणि त्यात शब्द जपून वापरलेले नाहीत.

पण फार आशा धरू नकोस. सात वर्षांचा असताना एकदा आईवर रागावून 'मी जेवणार नाही' म्हणाला. दुपार गेली, संध्याकाळ झाली. शेवटी मागच्या पडवीत मांजरीला ठेवलेला दूधभात खाताना सापडला, पण पानावर आला नाही. पोटात भूक असली तरी शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी ही जात आहे. तू त्याच्याशी वाद घालू नकोस. वादात तो फुगतो.

मला पक्षाला येता येत नाही, दाजींना दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आहेत. मन तिकडे लागून राहील. सगळं नीट कर. खीर, वडे, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी. भात मात्र सूर्यचुलीवरचाच कर. नानांना शेवटी शेवटी दुसरा भात चालत नव्हता. गुरुजींनी हरकत घेतली तर सांग, सूर्य हा अग्नीचा थोरला भाऊ आहे.

आणि कावळ्याची काळजी नको. आपल्या घरात कावळ्याने कोणाला ताटकळत ठेवलेलं नाही. आजीच्या वेळी तर पान ठेवायच्या आधीच येऊन बसला होता. कावळा अडला तर समजावं, गेलेल्याचं मन कशात तरी गुंतलं आहे. नानांचं कशात गुंतणार? सोन्यात नव्हतं, नाण्यात नव्हतं.

तुझी,
वेणूताई


नवीन पनवेल,
२६ सप्टेंबर १९९१

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. त्यातले 'गाढव', 'अडेलतट्टू' आणि 'नानांच्या पोटी कसा आलास' हे शब्द वाचले. तू मोठी आहेस, म्हणून सोडून देतो.

माझी बाजू कुणी विचारतच नाही. या गावात आज सिलिंडरला किती थांबावं लागतं हे तुला कराडात बसून कळणार नाही. काल माझ्या वडिलांच्या वयाचे एक प्राध्यापक मला भर बाजारात वाकून नमस्कार करून गेले. डॉक्टर मला रांगेत बसवत नाहीत. सईच्या बाई सईला पहिल्या बाकावर बसवतात. पनवेलात असा मान तहसीलदारालाही नसेल. आणि माझीच बायको चावडीवर उभी राहून सांगणार, की बायांनो, गॅसवाचून काही अडत नाही. मी एजन्सीत तोंड कुठे लपवू?

एजन्सीच्या शेठना कुठूनसं कळलंच. सगळ्यांसमोर म्हणाले, 'काय अविनाशराव, वहिनी आपलं दुकान कधी बंद करतायत?' सगळे हसले. मी तिथल्या तिथे सांगितलं, की असलं काही होणार नाही. चार माणसांत गेलेला शब्द आहे. आता मला पटलं तरी तो मागे घेता येणार नाही. आणि मला पटलेलं नाही.

शिवाय त्या चुलीचा ताप मलाच आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी टिपणीस यांनी चूल गच्चीवरून हलवा अशी नोटीस दिली आहे. आरशाची तिरीप त्यांच्या टीव्हीवर येते आणि क्रिकेटमध्ये चेंडू दिसत नाही, असं लेखी म्हणणं आहे. मी नोटिशीला उत्तर दिलेलं नाही, कारण चूल नानांची आहे.

नीता घरात अगदी गप्प असते. भांडली असती तर बरं झालं असतं. दाजींना नमस्कार. थेंब वेळेवर घाल.

तुझा,
अवि


नवीन पनवेल,
४ ऑक्टोबर १९९१

ती. वेणूताईंस,
नमस्कार.

काल जे झालं ते अजून मला खरं वाटत नाही. सगळं क्रमाने सांगते, दाजींना वाचून दाखवा.

सकाळी नऊला गच्चीवर चूल मांडली. तुमचं थोरल्या भावाचं वाक्य गुरुजींना ऐकवलं, त्यांनी मान हलवली. त्यांना अजून तीन घरं होती. ऊन असं कडकडीत, की साडेअकराला भात फुलून तयार. तो काढून घेतला आणि जेवायला येणाऱ्यांसाठी दुसरे डबे लावून ठेवले. बारा वाजता खाली विधी आटोपला आणि पान घेऊन आम्ही वर गेलो. चुलीशेजारच्या कठड्यावर पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि बाजूला उभे राहिलो.

समोर पाण्याच्या टाकीवर कावळे होते. एक नाही, सात. एकजण उडाला, पानाजवळ आला आणि वळून परत टाकीवर जाऊन बसला. दुसऱ्याने तेच केलं. पंधरा मिनिटं गेली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, 'काही राहिलं असेल तर बोलून टाका.'

मग सुरू झालं. आधी हे म्हणाले, 'नाना, तुमचा फोटो मोठा करून लावतो.' कावळा नाही. म्हणाले, 'तंबाखू सोडतो.' एक कावळा उडाला, आमच्या आशा पालवल्या, पण तो जवळ येऊन फिरला. सईला वाटलं तिच्यामुळेच अडलं आहे, तिने रडत रडत कबूल केलं की आजोबांचं भिंग तिच्याकडून फुटलं होतं आणि तिने ते कुंडीत पुरलं आहे. मला भडभडून आलं. मी मनात म्हटलं, नाना, तुमच्या आमटीत डॉक्टरांच्या सांगण्याने मी मीठ कमी घालत होते आणि तुम्हाला तसंच घातलंय म्हणून सांगत होते, माफ करा. तरी नाही.

एवढ्यात टिपणीस वर आले. ते आले होते तिरिपीची तक्रार करायला, टीव्हीवर काहीतरी चालू होतं. पण सगळे हात जोडून उभे, पोर रडतंय, हे पाहून त्यांनी चपला काढल्या. पाच मिनिटं तसेच उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, 'नाना, टिपणीस बोलतोय. तुमच्या चुलीबद्दलची नोटीस मी मागे घेतो. चूल गच्चीवरच राहील. मी टीव्ही दुसऱ्या भिंतीला लावतो.' ताई, त्या माणसाला मी सात वर्षांत कुणापुढे इतका मऊ झालेला पाहिला नव्हता. पण कावळा आला नाही. टिपणीसांचा चेहरा अगदी उतरला.

गुरुजी म्हणाले, 'दर्भाचा कावळा करू या, शास्त्राला मान्य आहे.' मी म्हटलं नको. आपण सगळे पुन्हा एकदा डोळे मिटून आठवू या. सगळ्यांनी डोळे मिटले.

आणि यांचा आवाज आला. एकदम, घाईघाईत, जसा गाडी फलाटावरून सुटताना माणूस बोलतो तसा. 'नाना, नीताने ते काम करावं. मी हो म्हणतो. तिला जाऊ दे.'

पंखांचा आवाज झाला. डोळे उघडले तर कावळा पानावर. भाताला चोच. मागून दुसरा, तिसरा. मी खाली बसून ओक्साबोक्शी रडले. नाना, एवढ्यासाठी थांबला होतात हो तुम्ही. टिपणीसही डोळे पुसत होते आणि मला म्हणाले, 'वहिनी, आता नाही म्हणू नका, मामंजींचा जीव अडकेल.' गडबडीत चुलीचं झाकण कुणी मिटलं कोण जाणे, पंगतीचा भात निम्मा कच्चा राहिला आणि गॅसवर करावा लागला. पण कुणाला चवीचं भान नव्हतं.

आज सकाळी मी होकाराचं पत्र लिहिलं. हे स्वतः पंचायत समितीत नेऊन देऊन आले. येताना गजरा आणला.

तुमची,
नीता


कराड,
९ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. नीतास आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं, त्यातलं दोनदा आळीतल्या बायकांना जमवून. एकजण म्हणाली, असा कावळा नशीबवानालाच मिळतो. सगळ्यांचे डोळे पाणावले. दाजी एकटेच म्हणाले, 'कावळ्याला भूक लागली असेल.' ज्या माणसाला नीट दिसत नाही त्याने बोलू नये, असं मी त्यांना सांगितलं.

नानांच्या मनात एवढं होतं आणि मी विचारत होते, त्यांचं मन कशात गुंतणार म्हणून. मुलगी असून मला कळलं नाही, सुनेसाठी थांबले. वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. हे तुला लिहिते आहे, तुझ्यापाशी लपवायचं काही नाही.

अविनेही बोललेला शब्द नानांपुढे खाली ठेवला. त्याला जन्मात पहिल्यांदा शहाणा म्हणते. कामाला कधी जायचं ते कळव. डोक्याला काहीतरी बांध.

तुझी,
वेणूताई


नवीन पनवेल,
२० ऑक्टोबर १९९१

ती. वेणूताईंस,
नमस्कार.

मी मोठ्या पेचात सापडले आहे. हे पत्र आळीत वाचू नका. दाजींनाही हळू वाचून दाखवा.

काल गव्हाणला माझं पहिलं प्रात्यक्षिक झालं. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत चूल मांडली. तीसेक बायका जमल्या होत्या. मी नानांसारखंच सगळं सांगितलं: काळा रंग उष्णता धरतो, काच ती बाहेर सोडत नाही, आरसा ऊन आत पाठवतो. डाळ दोन तासांत शिजते, धूर नाही, डोळे जळत नाहीत, लाकडं नकोत. बायका ऐकत होत्या आणि एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एकीने विचारलं, 'पावसात काय करायचं?' मी खरं सांगितलं, की पावसाळ्यात ही माळ्यावर ठेवायची आणि तेव्हा दुसरी चूल लागेलच. खोटं सांगून विकायला मी गेले नव्हते.

पुढच्या रांगेत भीमाबाई म्हणून एक म्हाताऱ्या होत्या. त्यांचं सगळं लक्ष चुलीकडे नसून पलीकडे होतं. तिथे चटयांवर सुकट वाळत घातली होती. डाळ झाली, मी झाकण काढून दाखवली, सगळ्यांनी चाखली. भीमाबाई उठल्या आणि म्हणाल्या, 'बाय, तुजी डाल शिजली, बेस झालं. पन मी सकालधरनं बगतंय, तुज्या आरशाच्या बाजूला येक कावला आयला नाय. आमी काठी घेऊन दिवसभर राखतू. आज मी काठी धरली नाय. आमाला ही चूल पायजे.'

मग सगळ्या बायका उठून बघायला लागल्या. खरंच, चुलीच्या बाजूची चटई तशीच आणि पलीकडच्या चटयांवर कावळ्यांचा बाजार. भीमाबाईंनी झाकण मिटायला लावलं. मी मिटलं. दोन मिनिटांत कावळे चटईवर. उघडलं, कावळे उडाले. बायका हसून हसून बेजार. नऊजणींनी नावं दिली, पनवेल तालुक्यात एका दिवसात एवढी कुठे झाली नाहीत म्हणे. बाई फार खूश आहेत. म्हणाल्या, एकदा दारात चूल आली की डाळही शिजेलच.

मी मात्र जीपमध्ये बसले आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. ताई, दशमीला चूल पानाशेजारी होती आणि झाकण उघडं होतं. कावळे आरशाला बिचकत होते. नानांचं मन कशात गुंतलेलं नव्हतं. नंतर गर्दीत कुणाचातरी धक्का लागून झाकण मिटलं असणार, आणि ते नेमकं हे बोलले तेव्हाच.

म्हणजे हे काम मला चुकून मिळालं आहे. यांनी वडिलांची इच्छा समजून शब्द मागे घेतला, आणि ती वडिलांची इच्छा नव्हतीच, नुसता कवडसा होता. गप्प बसले तर नानांच्या नावावर फसवणूक होते. सांगितलं तर हे म्हणतील, मग माझा पहिला शब्दच खरा. आणि ताई, हे काम आता मला सोडवत नाही. काल तिथे उभं राहून बोलताना मला बारा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की मी कुणीतरी आहे.

काय करू? तुमचं उत्तर येईपर्यंत माझ्याने धीर धरवेल असं वाटत नाही.

तुमची,
नीता


कराड,
२४ ऑक्टोबर १९९१
(पोस्टकार्ड)

चि. सौ. नीतास आ.

कार्ड उघडं आहे म्हणून थोडक्यात. त्या बाबतीत काही एक सांगू नकोस. गप्प राहा. पक्षी कशाने येतो ते पक्ष्याला माहीत. दाजी कालपासून हसत आहेत, डोळ्याला ताण पडतो म्हणून डॉक्टर रागावले.

वेणूताई


नवीन पनवेल,
२८ ऑक्टोबर १९९१

प्रिय ताई,

तुझं कार्ड आज आलं. पोस्टमनने ते मला एजन्सीत आणून दिलं, कारण त्याला सिलिंडर हवा आहे. मी वाचलं. उशीर झाला, तुझ्या भावजयीने मला शुक्रवारीच सगळं सांगून टाकलं.

चहा पुढे ठेवला आणि उभी राहून बोलायला लागली. गव्हाण, सुकट, भीमाबाई, आरसा. शेवटी म्हणाली, 'तुम्ही फसवले गेलात. तुम्हाला शब्द परत घ्यायचा असेल तर घ्या. मी उद्या जाऊन नाही म्हणून सांगून येते.'

मी म्हणालो, 'जाऊ दे. झालं ते झालं. आता सुरू केलंयस तर कर.' ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी कुणी संत आहे. तेव्हापासून रोज माझ्या आवडीची भाजी होते. टिपणीसांनाही तिने सांगितलं, की यांचं मन फार मोठं आहे. मला जेवण जात नाही.

ताई, झाकण मी मिटलं.

ऐक. सगळे डोळे मिटून उभे होते. मी मिटले नाहीत, कारण दुपारी सिलिंडरची गाडी यायची होती आणि मला घाई होती. मी कावळ्याकडे बघत बसलो. तो टाकीवरून यायचा, तिरपा व्हायचा, आणि कवडशात आला की फडफडून मागे. तीनदा पाहिल्यावर मला कळलं. मी हात झाकणाला लावला आणि थांबलो. म्हटलं, आता हे मिटलं तर कावळा येणार आणि सगळं पुण्य टिपणीसाच्या नोटिशीला जाणार.

त्या आधी आठ दिवस नीता नकाराचं पत्र लिहीत होती. चार ओळींचं पत्र. लिहायची, फाडायची. रद्दीत मी ते तुकडे पाहिले. एकावर नुसतं 'माझी इच्छा असूनही' एवढंच होतं आणि पुढे काही नाही. ते वाचल्यापासून मला हो म्हणायचं होतं. पण कसं म्हणणार? दारात बाईंसमोर नाही म्हटलेलं, एजन्सीत शेठसमोर नाही म्हटलेलं. नानांचं नाव मिळालं, तर कुणी हसणार नव्हतं. उलट शेठनीच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, 'वडिलांची इच्छा म्हणजे इच्छा.' म्हणून एका हाताने झाकण दाबलं आणि कावळा पोचायच्या आत घाईने बोलून टाकलं.

आता ती समजते की काम तिला चुकून मिळालं आणि मी उदार होऊन ते तिच्याकडे राहू दिलं. मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. सगळं छान चाललं आहे, फक्त मला बरं वाटत नाही.

तुझा,
अवि


कराड,
१ नोव्हेंबर १९९१

चि. अविनाशास,

पत्र वाचलं. दाजींचा दुसरा डोळाही करायचा आहे, हसून तो आधीच बाद होईल असं वाटतं.

मी हसले नाही. ती पोर चूक नसताना तुझ्यापुढे उभी राहून खरं बोलली, हातातलं काम जाईल हे ठाऊक असून बोलली. आणि तू चहा पीत बसून तिच्याकडून संतपण घेतलंस. नाना असते तर त्यांनी तुझा कान धरला असता. ते नाहीत, म्हणून मी धरते.

तिला काम चुकून मिळालं नाही. ते तू दिलंस, मनापासून दिलंस, आणि तेच तिला माहीत नाही. तुझ्यासारखा अडाणी नवरा मी पाहिला नाही. चांगलं केलेलंही सांगता येत नाही तुला.

भाऊबीजेला येणार आहेस ना? सांगून ये. सांगितलं नसशील तर दारातून परत जा. मी ओवाळणार नाही. हे मी दाजींसमोर बोलले आहे, म्हणजे चार माणसांत गेलेला शब्द आहे.

ताई


नवीन पनवेल,
पाडवा, ७ नोव्हेंबर १९९१

ती. वेणूताईंस,
नमस्कार.

हे पत्र यांच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलं आहे, पण वाटेत साताऱ्याला एस.टी. बराच वेळ थांबते, तेव्हा वाचून मगच तुम्हाला मिळेल असं धरून लिहिते.

आज सकाळी पाडव्याचं ओवाळायला मी तबक घेतलं. हे पाटावर बसले. ओवाळून झालं. दरवर्षी साडी असते, नाहीतर पाकीट. या वेळी यांनी खिशात हात घातला, काढला, दुसऱ्या खिशात घातला, तोही काढला. मला वाटलं विसरले. मी म्हटलं, राहू दे, कराडहून आल्यावर द्या. तर म्हणाले, 'थांब, आत्ताच देतो,' आणि तबकाकडे बघत सगळं बोलले. कवडसा, कावळा, झाकणावरचा हात. माझे फाडलेले कागद त्यांनी जोडून वाचले होते, तेही.

मी तबक घेऊन तशीच उभी. निरांजन विझलं. आधी मला राग आला. पंधरा दिवस मी रोज यांना भरली वांगी करून घालते आहे आणि हे मुकाट्याने खातायत. तसं मी बोलूनही दाखवलं. म्हणाले, 'खाताना घशाखाली उतरत नव्हती.' मी म्हटलं, तरी दोनदा मागून घेत होतात.

पुढच्या आठवड्यात मला जासईला जायचं आहे. तिथल्या बायकांनी आधीच निरोप पाठवला आहे, की कावळ्यांची चूल घेऊन या. बाई म्हणतात, सरकारी कागदात हा उपयोग कुठे लिहायचा ते त्यांना कळत नाही. मी म्हटलं, लिहा, सुकटही राहते आणि डाळही शिजते.

ताई, राग गेल्यावर मी यांना एक विचारलं. म्हटलं, झाकण मिटूनही कावळा आला नसता, तर काय केलं असतंत? बॅगेचा बंद सोडला, पुन्हा बांधला. मग वर बघून म्हणाले, 'तर तुझ्याकडे बघून बोलावं लागलं असतं. त्याला आज महिना लागला.'

तुम्ही त्यांना ओवाळा.

तुमची,
नीता